वीतभर

लोट्याच्या माळावर, स्टोअरच्या मागे,
जिथे फुटके ड्रम आणि घाणेरीची जाळी,
तिथे नसीम परकारनी वायर जाळून बघितली.
दोन फुटांचा तुकडा, उभा टांगलेला,
खाली ब्लोलॅम्प, हातात मोबाइलचं घड्याळ,
आणि मी, इलेक्ट्रिशियन, वाळूची बादली घेऊन
उगाच उभा.

पहिला तुकडा स्वस्तातला,
मीटरमागे अठरा रुपये कमी.
ज्योत काढून घेतली तरी तो थांबेना.
आवरण वितळून ठिबकायला लागलं,
थेंब खाली पडूनही जळत राहिले,
जाळ सरड्यासारखा सरसर वर,
आणि धूर असा की घसा आतून खरवडला.
"यातलं क्लोरीन," त्या म्हणाल्या,
"ओल लागली की आम्ल होतं.
घशात ओल असतेच."

दुसरा तुकडाही पेटला.
हे मला आधी पटलंच नाही.
चांगली केबल म्हणजे पेटतच नाही असं वाटायचं.
तोही पेटला, फुगला, ज्योतीसमोर कोळसा झाला,
पण साठ सेकंदांनी ब्लोलॅम्प बाजूला केला
तशी ती आग इकडेतिकडे बघून
गप्प बसली.
वरच्या क्लॅम्पखाली वायर कोरी,
छापलेली अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

मला बाबा आठवले.
भाजावळीत दाढीवर कवळ, शेण, पातेरा पसरून
ते वारा पडायची वाट बघायचे.
त्याआधी कडेनं हातभर जमीन झाडून काढायचे,
काडी म्हणून राहू द्यायचे नाहीत,
आणि हातात हिरवा टाळ देऊन
मला बांधावर बसवायचे.
"जळायचं ता जळू दे. बांध वलांडलान तर सांग."
बांधापलीकडे गणू भुवडाच्या काजी.
त्यांच्याशी आमचं बोलणं नव्हतं.
बाबा त्या बाजूला जरा जास्तच झाडायचे.

मीटिंगमध्ये नसीम मॅडमनी दोन्ही तुकडे
साहेबांच्या टेबलावर ठेवले.
साहेब टेबलक्लॉथबद्दल बोलले.
अठरा गुणिले चार हजार मीटर,
हा हिशेब फळ्यावर तीनदा झाला.
"मग स्वस्तातली घ्या. खाली सही तुमची," त्या म्हणाल्या.
कोणी पेन काढलं नाही.
महागाचे ड्रम आले.
गणपतीनंतर मॅडमची बदली झाली.
कारण वेगळं होतं म्हणतात.

इथला खारा वारा सगळ्या नटांना खातो.
तांब्यावर हिरवं चढतं, पकड सैल होते,
सैल पकड तापते.
माघातल्या कुठल्यातरी रात्री, तिसऱ्या पाळीत,
सात नंबर पंपाच्या ट्रेमध्ये
आग लागली.
बावीस केबली अंगाला अंग लावून निजलेल्या,
पुढे भिंत, भिंतीपलीकडे टोल्युइनची टाकी,
टाकीच्या खाली उतारावर वाडी,
वाडीत त्या रात्री सत्यनारायण होता, लाऊडस्पीकर ऐकू येत होता.

सकाळी पंप सुरू होईना म्हणून झाकण काढलं.
एक केबल वीतभर काळी.
शेजारणीच्या अंगावर नुसती काजळी.
बोटानं पुसली तर खाली
अक्षरं होती.

मग फॉर्म.
आग केव्हा लागली: माहीत नाही.
प्रथम कोणी पाहिली: कोणी नाही.
जळालेली लांबी: आधी वीत लावली, मग टेप.
एकवीस सेंटिमीटर.
कशाने विझवली: पाणी, फोम, पावडर, वाळू,
यांपैकी एकावर खूण करा.
मी बराच वेळ पेन धरून बसलो.
मग कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं,
विझवली नाही. पुढे गेली नाही.

दुपारी ऑफिसातून फॉर्म परत आला,
रकाना रिकामा आहे म्हणून.
मी वाळूवर खूण केली.